उन्हाच्या वेळापत्रकाने शिरूर-दौंड

एप्रिल सरत आला की पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर रस्त्यांवर एकाच धाटणीच्या गाड्या दिसू लागतात. मुलगा गाडी चालवतोय, शेजारी आजोबा, मागे आजी, सून आणि नातवंडे, डिकीत पाण्याचा एकच जार. ‘लवकर’ म्हणजे सकाळी नऊला निघालेल्या या गाडीला रांजणगावचा महागणपती, निघोजचे रांजणखळगे, जमलेच तर मोराची चिंचोली आणि परतताना दौंडवरून सिद्धटेक, असे सगळे एका दिवसात उरकायचे असते. हिशेब केला तर रांजणगावला साडेदहा वाजतात, निघोजला साडेबारा आणि सिद्धटेकला चार. दिवसातले सर्वांत तापलेले तास नेमके उघड्या दगडावर आणि दर्शनाच्या रांगेत जातात. संध्याकाळी आजोबा ‘जरा गळून गेल्यासारखं वाटतंय’ म्हणतात आणि सगळे समजतात, वयाचा परिणाम.

बहुतेक वेळा ते वय नसते. ते ऊन असते, कमी पडलेले पाणी असते आणि पुष्कळदा सकाळी घेतलेली एखादी गोळीही असते.

शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. सह्याद्रीवर पाऊस रिकामा करून ढग इकडे येतात, त्यामुळे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. सहलीचा खरा हंगाम विचाराल तर डिसेंबर-जानेवारी. तेव्हा शेतात ज्वारीचा हुरडा असतो, सकाळी धुके असते. पण मुलांना सुट्टी मे महिन्यात आणि आजी-आजोबांना सोबत मिळते तीही तेव्हाच. त्यामुळे ‘उन्हाळ्यात जाऊच नका’ हा सल्ला कागदावरच राहतो. जायचेच तर दोन-तीन दिवस काढून, उन्हाच्या वेळापत्रकाने जावे. पहाटे साडेपाच ते साडेदहा फिरणे, मग सावली, जेवण आणि झोप, साडेचारनंतर पुन्हा बाहेर. या भागातले शेतकरी उन्हाळ्यात असेच काम करतात आणि चिंचोलीचे मोरही तेच पाळतात. मोर बघायला दुपारी बाराला पोचणाऱ्या पाहुण्यांना चिंचेची झाडेच बघावी लागतात.

इथल्या उन्हाची एक खोडी आहे. ते कोरडे असते. मुंबईत किंवा कोकणात घामाने शर्ट चिकटतो आणि माणूस आपसूक पाणी मागतो. शिरूरच्या कोरड्या वाऱ्यात घाम येतो तसा वाळून जातो, त्वचा कोरडीच लागते आणि ‘मला तर घामच येत नाही’ असा समज होतो. प्रत्यक्षात उन्हात चढउतार करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम सहज जाऊ शकतो. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठाचेही हेच तत्त्व. मडक्यातून पाझरलेले पाणी वाळते आणि आतले गार होते. कोकणातला माठ देशावरच्या माठाइतका गार होत नाही, कारण तिथल्या दमट हवेत पाणी वाळायला मागत नाही. आपले शरीर म्हणजे असा चालताबोलता माठच आहे, फक्त तो भरत राहावा लागतो.

शरीर उन्हाला सरावते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. पुण्यात वातानुकूलित खोलीत महिना काढून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ही सवलत नसते. म्हणून पहिला दिवस सर्वांत हलका ठेवावा.

तो रांजणगावचा ठेवता येईल. पुण्याहून पन्नासेक किलोमीटर अंतर आहे, पहाटे निघाले तर उजाडता उजाडता पोचता येते. थोरल्या माधवराव पेशव्यांनी इथला गाभारा बांधून घेतल्याचे सांगतात. सकाळी सातला रांग आटोपशीर असते. चतुर्थीला मात्र तास-दोन तास उभे राहावे लागते आणि अशा रांगेत चक्कर येऊन पडणाऱ्यांची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, एका जागी उभे राहिल्याने रक्त पायांत साठते आणि मेंदूला क्षणभर ते कमी पडते. अशा माणसाला धरून उभे ठेवायचा प्रयत्न लोक हटकून करतात. तो चुकीचा आहे. त्याला आडवे झोपवून पाय वर उचलावेत, मिनिटभरात तो बोलू लागतो. रांगेत उभ्या असलेल्यांनी पोटऱ्या आवळत, पाय हलवत राहिले तर बऱ्याचदा ही वेळच येत नाही.

वाटेत डावीकडे-उजवीकडे इतिहास पसरलेला आहे. कोरेगाव भीमा रस्त्यावरच लागते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली फौज रात्रभर चालून इथे पोचली आणि दुसरा सबंध दिवस लढली. त्या लढाईच्या वर्णनांत भुकेइतकाच तहानेचाही उल्लेख येतो, आणि तो तर जानेवारी महिना होता. रस्ता सोडून थोडे आत गेले की वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. शिरूर गावात, म्हणजे जुन्या घोडनदीत, १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे. परक्या सैन्यातल्या या अधिकाऱ्याला गावकरी ‘सत्पुरुष’ मानू लागले, अशी जुन्या गॅझेटियरची नोंद आहे. पाबळला मस्तानीची समाधी आहे. त्याच पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले हाताने काम करता करता विज्ञान शिकतात, ही त्यांची कल्पना. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर हा थांबा चुकवू नये.

निघोजचे रांजणखळगे दुसऱ्या दिवशीच्या पहाटेसाठी राखून ठेवावेत. कुकडी नदीच्या पात्रात काळ्या बसाल्टमध्ये रांजणासारखे खोल, गुळगुळीत खड्डे पडले आहेत. अलीकडचा काठ शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीचा, पलीकडचा पारनेर तालुक्यातल्या निघोजचा. पुराच्या पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत राहतात आणि जात्यासारखा खडक कोरतात. हजारो पावसाळ्यांनंतर रांजण तयार होतो. पहाटेच्या तिरप्या उजेडात हा खडक बघावा, अकरानंतर तोच तव्यासारखा तापतो. खळग्यांच्या कडा निसरड्या आहेत आणि आतली भिंत इतकी गुळगुळीत की पडलेल्या माणसाला धरायला काहीच सापडत नाही. पोहता येणाऱ्यानेही आत उतरू नये आणि सेल्फीसाठी कडेला मुळीच जाऊ नये.

दुपारची सावली शिरूरच्या एखाद्या खानावळीत घ्यावी. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, कांदा आणि ताक. मासवडी मिळाली तर घ्यावी. नावात मास असले तरी ती शाकाहारीच. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे, लसणाचे सारण आणि बरोबर झणझणीत रस्सा. प्रथिनांच्या दृष्टीने चांगली, पण पचायला जड. म्हणून ती खाऊन लगेच उन्हात निघू नये, पोटाकडे वळलेले रक्त आणि त्वचेकडे वळलेले रक्त एकाच वेळी पुरवताना वयस्कर हृदयाची दमछाक होते. ताकात पाणी आहे, मीठ आहे, थोडे पोटॅशियमही आहे. कैरीचे पन्हे तसेच. मात्र हृदय कमजोर असलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ‘उन्हाळा आहे’ म्हणून ताकात मीठ ढकलू नये, त्यांचा पाण्या-मिठाचा हिशेब त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलाच पाळावा.

जेवणानंतरच्या त्या शांत तासांत ज्या गावाबद्दल घरात बोलायला हवे, ते गाव म्हणजे इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर. आज तिथे गेल्यास फारसे काही दिसत नाही. पण १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या पुढाकाराने इथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे नांदलेली शेतकऱ्यांची वसाहत मातीतून वर आली. लोक बार्ली पिकवत, पुराचे पाणी वळवायला त्यांनी बांध आणि कालवा केला होता, धान्याचे कोठार होते. सुरुवातीची घरे प्रशस्त आणि चौकोनी होती, शेवटच्या काळातली लहान, गोल झोपड्यांसारखी. हवामान कोरडे होत गेले आणि शेती रोडावत गेली, असा अर्थ ढवळीकरांनी त्यातून लावला.

डॉक्टरांच्या दृष्टीने मौल्यवान आहेत ती इथली हाडे. दगावलेल्या मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे, अशी रीत होती. मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्यापासून तोडत. का, याबद्दल तर्कच आहेत. अशी दोनशेहून अधिक दफने मिळाली. जॉन ल्युकॅक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा बारकाईने अभ्यास केला. दातांच्या आवरणावर आडव्या रेघा असतील तर मूल लहानपणी आजारी पडले होते किंवा उपाशी राहिले होते, हे तीन हजार वर्षांनंतरही वाचता येते. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी अभ्यासिकेने मुलांच्या हाडांची मापे घेतली आणि वसाहतीच्या शेवटच्या काळात मुलांची वाढ खुरटल्याचे दाखवले. दुष्काळाचा पहिला मार मुलांच्या हाडांवर बसतो, हे आजही कुपोषणाच्या वॉर्डात दिसते. इनामगावचे अवशेष पाहायचे तर पुण्यात येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावे. नगर रस्त्याला लागण्याआधीच ते लागते, आधी वेळ विचारून ठेवली की झाले.

कुकडी घोडीला मिळते, घोड भीमेला, आणि भीमेच्या काठाने आपण दौंडला येतो. जुन्या कागदांतले ‘धोंड’. १८७८ मध्ये इथून मनमाडला रेल्वे जोडली गेली आणि गावाचे जंक्शन झाले. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, तरी पेडगाव आणि सिद्धटेक या दोन्ही ठिकाणांसाठी दौंडचाच रस्ता सोयीचा. पेडगावचा बहादूरगड, आताचा धर्मवीरगड, थेट भीमेच्या काठावर आहे. १६८९ मध्ये कैद केलेल्या संभाजी महाराजांना इथेच औरंगजेबासमोर आणले गेले. वढूची समाधी पाहून आलेल्यांना इथे उभे राहिल्यावर फार बोलावेसे वाटत नाही. किल्ल्यात जुनी मंदिरे आहेत आणि नदीचे पाणी मोटेने वर उचलण्याच्या बांधकामाचे अवशेषही. सावली मात्र फारशी नाही. सकाळी आठच्या आत बघून निघावे.

दौंड तालुक्यातले केडगाव दोन कारणांसाठी थांबण्यासारखे. एक म्हणजे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार स्त्रिया आणि मुलींना आणले आणि केडगावला त्यांचे घर उभे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले ते इथेच. वैद्यकीय पेशातल्यांना त्यांची आणखी एक आठवण असते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या.

दुसरे कारण गूळ. या पट्ट्यात गुऱ्हाळे पुष्कळ. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, मळी वर यावी म्हणून त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात आणि पाक सुमारे ११८ अंशांवर गेला की काहील उतरवतात. वास असा की मुले पुढे धावतात. इथे त्यांचा हात धरून ठेवावा. उकळते पाणी अंगावर पडले तर ओघळून जाते, गुळाचा पाक चिकटून राहतो आणि खोलवर भाजतो. तसे झालेच तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये.

‘गूळ साखरेपेक्षा बरा, मधुमेहाला चालतो’ हे वाक्य गुऱ्हाळावर हमखास ऐकू येते. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात, बाकी तो बहुतांशी साखरच. ताज्या उसाच्या अडीचशे मिलिलिटर रसात सात-आठ चमचे साखर असते. रस प्यायचाच तर बिनबर्फाचा. रसवंतीच्या बर्फाचे पाणी कुठले, हे कोणी सांगू शकत नाही आणि उन्हाळ्यातली कावीळ, विषमज्वर, जुलाब यांचा माग पुष्कळदा तिथेच जातो.

आता राहिले सिद्धटेक, आणि मधुमेहींसाठी सर्वांत जोखमीचा भाग. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले हे मंदिर टेकडीवर आहे. प्रदक्षिणा घालायची तर टेकडीलाच वळसा घालावा लागतो, तोही अनवाणी. हवा चाळीस अंशांवर असताना उन्हातला काळा दगड पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जाऊ शकतो. एरवी पाय पोळला की माणूस उडी मारून सावलीत जातो. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर झालेल्या असतात. अशी व्यक्ती शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करते, गाडीत बसते, घरी येते आणि दुसऱ्या दिवशी तळव्यावर मोठाले फोड दिसतात. फोड फुटून जखम होते, जखम चिघळते आणि काही वेळा बोट किंवा पाऊल गमवावे लागते. उन्हाळ्यातल्या देवदर्शनानंतर असे रुग्ण सरकारी दवाखान्यात येतातच. जाड सुती मोजे घालून, सूर्योदयाच्या आसपास किंवा सूर्यास्तानंतर दगड निवल्यावर प्रदक्षिणा घालावी. देवाची त्याला हरकत असण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी घरातल्या गोळ्यांची पिशवी एकदा डॉक्टरांपुढे रिकामी करणे शहाणपणाचे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्यावर काम करतात. मधुमेहाची काही नवी औषधे लघवीतून साखरेबरोबर पाणीही बाहेर टाकतात. सर्दीच्या जुन्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधे घाम कमी करतात. एरवी गुणकारी असलेली ही औषधे शरीरातले पाणी कमी झाले की गोत्यात आणू शकतात. आपल्या मनाने ती बंद करणे त्याहून वाईट. जुलाब-उलट्या झाल्या तर कोणती गोळी थांबवायची, एवढे लिहून घ्यावे. इन्सुलिन डॅशबोर्डवर ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीत ते तासाभरात निकामी होऊ शकते. लहान मुलाला किंवा झोपलेल्या आजीला तर बंद गाडीत पाच मिनिटांसाठीही ठेवू नये.

साठीनंतर तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे तहानेवर भिस्त ठेवता येत नाही. लघवीचा रंग फिक्या पिवळ्याहून गडद दिसला, किंवा सकाळपासून दुपारपर्यंत लघवीच झाली नाही, तर पाणी कमी पडते आहे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेणाऱ्यांची लघवी तशीही पिवळीधमक असते, त्यांनी रंगाऐवजी खेपा मोजाव्यात. क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे येणे इथपर्यंत सावली, वारा आणि पाणी पुरते. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा झटके आले आणि अंग भट्टीसारखे तापलेले असेल तर तो उष्माघात समजावा, घाम येत असला तरीही. मग रुग्णालय किती लांब आहे याची चर्चा करत बसू नये. १०८ ला फोन लावता लावताच कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायला आणि जोरात वारा घालायला सुरुवात करावी. बर्फ असल्यास मान, काखा आणि जांघांत ठेवावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप जंतूंचा नसतो. शिरूर आणि दौंड दोन्हीकडे सरकारी रुग्णालय आहे. तिथे पोचेपर्यंत वाटेतही पाणी ओतणे चालू ठेवावे, कारण मेंदू वाचतो तो पहिल्या अर्ध्या तासात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सिद्धटेकहून उतरताना भीमेवरून वारा सुटलेला असतो. मुक्कामावर पोचल्यावर आजोबांना खुर्चीत बसवावे, पाय धुऊन कोरडे करावेत आणि नातवंडापैकी कोणीतरी मोबाइलचा दिवा लावून दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या नीट बघाव्यात.